महिलांची ऑल-माउंटन स्की कशी पारखायची? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींसाठी

बर्फवेडी_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. गुलमर्गचा स्कीइंगचा कोर्स करून आलेल्या आपल्याकडच्या काही मुली मला सारखं विचारतायत, भाड्याच्या स्कीला वैतागलोय, परदेशातला भाऊ किंवा मावशी येताना आणतो म्हणतायत, तर कुठली सांगू? प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा इथं एकदाच सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडून वर्षातून एकदा उत्तरेला जाणाऱ्या, कोर्स झालेल्या, पन्नास-साठ किलो वजनाच्या बाईनं कंबर ८४ ते ९४ मिलिमीटर असलेली, मध्यम लवचिक, टोकाला रॉकर (म्हणजे टोक हळूहळू वर उचललेलं) आणि बुटाखाली कॅम्बर (म्हणजे कमानीसारखा उंचवटा) असलेली स्की घ्यावी. रंग, नाव, त्यावर ‘विमेन्स’ लिहिलंय की नाही, हे सगळं नंतर.

कंबर म्हणजे स्कीचा बुटाखालचा सगळ्यात अरुंद भाग. स्कीवर टोक, कंबर, शेपूट असे तीन आकडे मिलिमीटरमध्ये छापलेले असतात, त्यातला मधला बघायचा. कंबर अरुंद असली की स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाते आणि कडक बर्फाला धरून राहते. रुंद असली की मऊ बर्फात बुडत नाही, पण कडक उतारावर वळवायला गुडघ्यांना जास्त काम पडतं. ऑल-माउंटन स्की या दोन्हींच्या मधे बसते. यंत्रानं दाबून राखलेला उतार, दुपारी खणून निघालेला बर्फ, झाडांमधली वाट, घोटाभर ताजा बर्फ, सगळीकडे ती निभावून नेते आणि यातल्या कुठल्याही एका कामात पहिली येत नाही.

गुलमर्ग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिथल्या अफरवाट डोंगरावरचा गुडघाभर भुसभुशीत बर्फ येतो आणि मग १०५ मिलिमीटरच्या स्कीचे फोटो एकमेकींना पाठवले जातात. हे मला पटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये महिना संपत येईपर्यंत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५ ला तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. काश्मीरमध्ये राहणारा माणूस बर्फ पडला की निघतो. आपण दोन-तीन महिने आधी रजा टाकतो, गोवा एक्सप्रेसचं नाहीतर सांबऱ्याहून विमानाचं तिकीट काढतो आणि तिथं जो बर्फ मिळेल त्यावर आठवडा काढतो. म्हणून आपली स्की आधी कडक आणि जुन्या बर्फावर विश्वासाची हवी. ताजा बर्फ पडलाच तर ९० च्या आसपासच्या स्कीवर पन्नास-साठ किलोची बाई मजेत तरंगते. वजन कमी असण्याचा हा फायदा आपण मोजतच नाही.

आता पारख. माझी पद्धत अशी की विकत घ्यायच्या आधी त्या मापाच्या जवळपासची स्की भाड्यानं घेऊन एकाच दिवसात वेगवेगळ्या बर्फावर न्यायची. स्की हातात आली की आधी कडा तपासा. नख कडेवर आडवं ओढलं की नखाची बारीक भुकटी निघायला हवी. निघाली नाही तर कड बोथट आहे, आणि बोथट कडेच्या स्कीवरून कुठल्याही मॉडेलबद्दल मत बनवू नका. दुकानदाराला धार लावून द्यायला सांगा, नाहीतर दुसरी जोडी मागा.

सकाळी गुलमर्गच्या गंडोल्याच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, रात्रभर गोठलेला बर्फ असतो. तिथं उताराला आडवं सरळ चालवत जा. खालची स्की कडेवर टिकते की थरथरत खाली घसरते? हीच पहिली आणि सगळ्यात खरी परीक्षा. मग छोटी वळणं घ्या. स्कीला वळण सुरू करायला तुम्हाला ढकलावं लागतंय, की गुडघा कलता केला की ती आपणहून आत शिरतेय? त्यानंतर जरा वेग घेऊन लांब वळणं. टोक फडफडलं तर स्की तुमच्या वेगाला मऊ आहे किंवा आखूड आहे. उलट, कितीही दाब दिला तरी ती वाकतच नसेल आणि वळण तुम्हाला हवं तिथं संपत नसेल, तर ती तुमच्या वजनाला ताठ आहे. बायकांच्या बाबतीत हे दुसरं जास्त होतं, कारण भाड्याच्या दुकानात पुरुषांच्या मापाचा जुना माल हाती पडतो आणि मुलीला वाटतं मलाच जमत नाही.

दुपारी उतार खणून निघतो, ढेकळं होतात. इथं हलकी स्की उडते. टोक ढेकळाला आपटून बाजूला वळत असेल तर थोडं वजन किंवा धातूचा थर हवा हे समजायचं. आणि शेवटची परीक्षा मांड्या भरून आल्यावर. दमलेल्या पायांनी चुकीचं वळण घेतलं, वजन मागे गेलं, तर स्की माफ करते की फेकून देते? सुट्टीवर जाणाऱ्या बाईचा निम्मा दिवस दमलेल्या पायांवरच जातो. मी या परीक्षेला सगळ्यात जास्त गुण देते.

नावांबद्दल थोडं. ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल ८८ ही अमेरिकेत वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपणाऱ्या महिलांच्या स्कीपैकी एक आहे. पण तिची आतली बांधणी पिढीनुसार बदलत गेलीय, म्हणून परीक्षण वाचताना ते कुठल्या सालच्या स्कीचं आहे ते बघा. नॉर्डिकाच्या सांता आनामध्ये लाकडी गाभ्याबरोबर टायटॅनल या धातूचा एक थर असतो, त्याच कंपनीच्या एन्फोर्सरमध्ये दोन असायचे. एलान ही स्लोव्हेनियाची कंपनी. तिच्या रिपस्टिकमध्ये धातूचा थर नाही, कार्बनच्या नळ्या आहेत आणि डावी-उजवी स्की वेगळी असते, त्यामुळे अदलाबदल करायची नाही. केटूच्या माइंडबेंडरमध्ये नावातच कळतं, ‘टीआय’ म्हणजे टायटॅनलवाली, ‘सी’ म्हणजे कार्बनवाली. कोर्स नुकताच झालाय तर कार्बनवाली. वेगाची भीती गेलीय आणि कडक उतार आवडतो तर टायटॅनलवाली.

प्रश्न विचारा, वेळ मिळेल तसं उत्तर देते.

उद्यमबाग_लेथवाला

ताई, मी बर्फ फक्त फोटोत बघितलाय, पण धाकटी बहीण जाऊन आली म्हणून वाचायला बसलो. टायटॅनल म्हणजे टायटॅनियम असं ती सांगत सुटलीय. तसं नाही ते. टायटॅनल हे ॲल्युमिनियमचं मिश्रधातू आहे, ऑस्ट्रियात बनतं, नावावरून लोकांचा घोटाळा होतो. आपल्या इंडालमध्ये ॲल्युमिना बनतो, म्हटलं तर त्याच घराण्यातलं.

धातूचा थर का घालतात ते माझ्या भाषेत सांगतो. लाकूड, फायबर, धातू, मधे रबराची पट्टी, असे वेगवेगळे थर चिकटवले की कंप मरतो. एकच माल असला की तो घंटेसारखा वाजत राहतो. शिवाय पातळ धातूचा पत्रा पिळाला विरोध करतो, म्हणून कडक बर्फावर टोक पिळवटत नाही आणि कड पूर्ण लांबीभर टेकते. वजन वाढतं हे खरं. आणि एक, पत्रा एकदा वाकला की वाकला. दगडावर जोरात आपटून धातूवाली स्की वाकली तर ती सरळ करायच्या भानगडीत कुणी पडू नये.

कॅम्बर म्हणजे ट्रॉलीच्या पाट्यासारखं समजा. भार पडला की सपाट होतो आणि भार काढला की परत उसळी देतो.

बर्फवेडी_टिळकवाडी

दादा, फार छान सांगितलंत. कडेच्या कोनाबद्दलही तुमच्याकडून ऐकायला आवडेल. दुकानातून येते तेव्हा साधारण तळाकडून १ अंश आणि बाजूनं २ अंश असते, काहींची बाजू ३ अंश.

उद्यमबाग_लेथवाला

बाजूचा कोन वाढवला की धार जास्त टोकदार, पण लवकर मरते. २ वर ठेवा. तळाच्या कोनाला घरी हात लावू नका, तो एकदा बिघडला की पूर्ण तळ ग्राइंड करावा लागतो. बाजूला मात्र कोनाचा गाइड लावून बारीक कानस फिरवायला कुणीही शिकेल. टोकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेनं, हलक्या हातानं.

खानापूर_पावसाळी

मी यंदा पहिल्यांदा जाणार, औलीला. एकदम बिगरी. उंची १५७, वजन ५४. बाबा म्हणतायत घ्यायचीच तर एकदाच चांगली घे, पुढं पाच-दहा वर्षं बघायला नको. वरची ९४ वाली टायटॅनलची मागवू का?

बर्फवेडी_टिळकवाडी

नको गं. पहिल्या वर्षी स्की विकतच घेऊ नकोस. बाबांची भावना समजते, पण स्कीच्या बाबतीत पुढची दहा वर्षं धरून घेतलेली जोडी पहिल्याच वर्षी शिकणं अवघड करते. बिगरीसाठी मऊ, ७५ ते ८२ कंबरेची, हनुवटी ते नाकापर्यंतची स्की हवी. तुझ्या उंचीला १४० ते १४८ सेंटिमीटर. वळणाची त्रिज्या १२-१३ मीटरच्या आसपास असली की छोटी वळणं सोपी जातात. हे सगळं भाड्यानं मिळतं. पुढच्या वर्षी वळणं समांतर यायला लागली की मग नाक ते कपाळ, म्हणजे १५० ते १५५, आणि ८४-८८ कंबर.

बाबांना पैसे खर्च करायचेच असतील तर बूट घेऊ देत. स्कीपेक्षा बूट महत्त्वाचा हे मी कुणालाही सांगेन. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पायाची लांबी मोजून. टाच अजिबात उचलली जाऊ नये, बोटं पुढं जेमतेम टेकावीत आणि गुडघा वाकवला की ती मागे सरकावीत. बायकांच्या पोटऱ्या खाली सुरू होतात, म्हणून महिलांच्या बुटाची वरची कड जरा बुटकी आणि रुंद असते. महिलांसाठी वेगळं म्हणून जे काही विकतात त्यात मला हा फरक सगळ्यात खरा वाटतो. पण बूट पायात घालून बघितल्याशिवाय कुणाकडून मागवू नकोस.

औलीचा उतार शिकायला फार चांगला आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग तिथंच झालं. फक्त २०२३ ला जोशीमठची जमीन खचल्यावर तिथला रोपवे बंद झाला होता, तेव्हा वर कसं जायचं याची निघण्याआधी चौकशी कर.

म्युनिकहून_बेळगावकर

मी अनगोळचा, सध्या जर्मनीत. दर शनिवारी आल्प्समध्ये असतो. माझं स्पष्ट मत, महिलांची स्की हा रंगाचा धंदा आहे. स्कीला कळत नाही वर कोण उभं आहे. तिला वजन कळतं, वेग कळतो. माझी बायको सरळ युनिसेक्स ९६ चालवते आणि तिच्यामागं जाताना मला धाप लागते. मुलींना मऊ स्की देऊन तुम्ही त्यांना मागं ठेवताय असं नाही वाटत?

बर्फवेडी_टिळकवाडी

तुमचा मुद्दा अर्धा मला पूर्ण मान्य आहे. काही कंपन्या तीच स्की आखूड मापात, वेगळ्या रंगात विकतात. काही मात्र खरंच गाभा हलका करतात, थर कमी करतात, बाइंडिंगची (बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याची) खूण थोडी पुढं घेतात. म्हणून छापाऐवजी बांधणी वाचायची. चांगली चालवणारी, सत्तर किलोची, वेग आवडणारी बाई युनिसेक्स स्कीवर जास्त खूश राहील, तिनं बेलाशक घ्यावी.

पण दर शनिवारी आल्प्समध्ये जाणारी बाई आणि वर्षातून एक आठवडा मिळणारी बाई यांत फरक आहे. दुसरीचे पहिले दोन दिवस पाय पुन्हा जागेवर येण्यातच जातात. तिला ताठ ९६ दिली तर तिची प्रगती सुरू होईपर्यंत परतीची गाडी येते. ५२ किलोच्या बाईनं वाकवता येईल अशी स्की घेतली की ती कडेवर खरं वळण घ्यायला शिकते. न वाकणाऱ्या स्कीवर ती फक्त घसरायला शिकते. मऊ स्कीनं मुली मागं राहतात असं मला म्हणूनच वाटत नाही.

म्युनिकहून_बेळगावकर

वर्षातून एक आठवडा, हे मी धरलं नव्हतं. मान्य. एक उपयोगाची गोष्ट सांगतो, मार्च-एप्रिलमध्ये इकडं दुकानं मागच्या हंगामाचा माल बरीच सूट देऊन काढतात. कुणाला कुणाकडून मागवायचीच असेल तर तेव्हा सांगा. अमेरिकेत अशा नव्या जोडीची छापील किंमत बाइंडिंगशिवाय ६०० ते ८०० डॉलरच्या घरात असते, सवलतीत फरक चांगला पडतो.

कॅम्पातले_सुभेदार

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये, जी १९४८ ला स्की स्कूल म्हणून सुरू झाली, तिथं बर्फावर उभं राहायला शिकलो. पोरींनो, स्कीची रुंदी-लांबी तुम्ही ठरवा. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. गंडोल्याचा दुसरा टप्पा अफरवाटला जवळजवळ ३९५० मीटरवर सोडतो. तिथला उतार पहिल्या टप्प्यासारखा यंत्रानं दाबलेला नसतो. फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू गेला. ऑल-माउंटन नाव आहे म्हणून सगळ्या डोंगरावर जायचा परवाना मिळाला असं समजू नये. गस्तीच्या हद्दीबाहेर जायचं तर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं प्रत्येकीच्या अंगावर, ते वापरायचा सराव आणि सोबत तिथला माहितगार वाटाड्या. यातलं एक जरी नसलं तरी पहिल्या टप्प्यावरच थांबा.

बर्फवेडी_टिळकवाडी

काका, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. सगळ्यांनी वाचा.

निपाणी_दोघी

माझी मुलगी २० वर्षांची, मी ५२. कोडगूच्या स्कीपटू भवानी टी. एन. यांची बातमी वाचल्यापासून लेकीनं स्कीचा ध्यास घेतलाय, ‘त्यांच्यासारखीच स्की हवी’ म्हणते. आणि दुसरा प्रश्न, आम्ही दोघींत एकच जोडी घेतली तर चालेल का? एक दिवस ती, एक दिवस मी. वजनात दहा-बारा किलोचा फरक आहे.

बर्फवेडी_टिळकवाडी

मावशी, भवानी क्रॉस-कंट्री करतात. त्या स्की अगदी अरुंद, हलक्या, टाच मोकळी असलेल्या असतात, सपाटीवर आणि चढावर पळायला. तुम्ही ज्या कोर्सला जाणार तो अल्पाइन, त्यात टाच पक्की बसवलेली असते. आंचल ठाकूरनं २०१८ ला तुर्कीत कांस्य मिळवलं ते अल्पाइनमधलं. लेकीला दोन्हीचे व्हिडिओ दाखवा आणि मग काय आवडतं ते विचारा. क्रॉस-कंट्रीच आवडलं तर हा सगळा धागा तिच्या कामाचा नाही.

एका जोडीचं शक्य आहे, पण बाइंडिंगकडं फार काळजीनं बघावं लागेल. पडल्यावर बूट कधी सुटायचा हे बाइंडिंगचा डिन आकडा ठरवतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात चालवता यावरून तक्त्यात बघून लावतात. पन्नाशीनंतर तोच तक्ता एक पायरी खाली आणतो. म्हणजे लेकीच्या आकड्यावर तुम्ही गेलात आणि पडलात तर बूट सुटणार नाही आणि गुडघ्यावर येईल. तुमच्या आकड्यावर ती गेली तर भर वळणात स्की निघू शकते. दर वेळी माणूस बदलला की आकडा आणि बुटाच्या लांबीची जागा, दोन्ही जाणकाराकडून बदलून घ्यायची. त्यासाठी रुळावर पुढं-मागं सरकणारं डेमो बाइंडिंग घ्या, थोडं जड असतं पण तुमच्या कामाचं. दोघींचे बूट एकाच प्रकारच्या तळाचे आहेत का तेही बघा, ग्रिपवॉक (चालायला सोपा केलेला) तळ प्रत्येक बाइंडिंगला चालत नाही.

स्की म्हणाल तर दोघींतल्या हलक्या आणि कमी सराव असलेलीच्या मापाची घ्या. सराव असलेली बाई मऊ स्कीवर सांभाळून घेते. ताठ स्कीवर नवख्या बाईला तसं सांभाळता येत नाही.

जांबोटी_रोड

माझा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आमच्याकडं जूनपासून घरात कपडेसुद्धा वाळत नाहीत. स्की आठ-दहा महिने ठेवायची कशी? मागच्या वर्षी मैत्रिणीच्या स्कीच्या कडा ऑगस्टपर्यंत तांबड्या झाल्या होत्या.

बर्फवेडी_टिळकवाडी

हा आपल्या भागाचा खास प्रश्न, आणि परदेशातल्या कुठल्याही लेखात याचं नीट उत्तर मिळत नाही, कारण तिकडं आपल्यासारखा पावसाळा नसतो.

परत आल्या आल्या स्की पिशवीतून काढा. लोक दमून पिशवी माळ्यावर टाकतात आणि तिथंच गंज सुरू होतो. कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसा, पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवा. कडेवर गंजाचा ठिपका दिसला तर रबरी घासणीनं काढा. मग तळावर मेण जाड लावायचं, इस्त्रीनं वितळवून, आणि कडांवरूनही ओघळू द्यायचं. एरवी आपण मेण खरवडून काढतो, साठवणीच्या मेणाला मात्र हात लावायचा नाही, पुढच्या डिसेंबरपर्यंत ते तसंच राहू दे. स्कीची इस्त्री मिळाली नाही तर वाफ नसलेली जुनी साधी इस्त्री चालते, तापमान कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका, नाहीतर तळ जळतो.

ठेवायची जागा म्हणजे घरातली आतली भिंत. पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला टेकवू नका. जमिनीवर उभी न ठेवता आडवी, दोन्ही स्की मोकळ्या, पट्ट्यानं आवळून कॅम्बर दाबलेला नको. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं तर अजिबात नको, आत दमट हवा कोंडते. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा काढून बघा, कुठं मेण निघालं असेल तर तेवढ्यावर पुन्हा लावा. बुटांचे आतले अस्तर काढून वेगळे ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली.

उद्यमबाग_लेथवाला

कडांवर मेणाआधी मशीन ऑइलचा अगदी पातळ हात दिला तरी चालेल. तळाला मात्र तेल लागू देऊ नका, मेण धरणार नाही.

खानापूर_पावसाळी

ताई, बाबांना वाचून दाखवलं. यंदा स्की भाड्यानं, बूट तिकडं बघून. पिशवीचं वजन किती धरू? पुढच्या वर्षीचा विचार करून ठेवतेय.

बर्फवेडी_टिळकवाडी

या प्रकारची एक स्की दीड ते पावणेदोन किलो, म्हणजे जोडी साडेतीनच्या आत. बाइंडिंगची जोडी साधारण दोन, बूट साडेतीन, पोल आणि पिशवी मिळून अजून दोन-अडीच. अकरा-बाराला पोचतेस. देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो मिळतात, त्यात गरम कपडे बसवायचे. लांब पिशवीचं विमान कंपनीला आधी कळवून ठेव. गोवा एक्सप्रेसनं गेलीस तर वजनाची काळजी नाही, पिशवी खालच्या बर्थखाली आडवी सरकते, फक्त टोकाला जुनं टॉवेल गुंडाळ. मी बूट नेहमी पाठीवरच्या सॅकमध्ये घेते. बाकी सामान हरवलं तर भाड्यानं मिळतं, पण पायाला बसलेला बूट मिळत नाही.

आणि निघायच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा येळ्ळूरचा राजहंसगड चढायला सुरुवात कर. चढताना दम वाढतो, पण मांड्या उतरताना तयार होतात, म्हणून उतरताना गुडघे वाकवून सावकाश ये.